कॅन्सर परत आला म्हणल्यावर आधी काय विचारायचं

आईचा कॅन्सर परत आलाय हे कळल्यावर आमच्या घरात जे दोन गट पडले ते अजून मोडलेले नाहीत. एक गट म्हणतो लगेच मुंबईला न्या, टाटाला, इथं लातुरात काही होत नाही. दुसरा म्हणतो आता कशाला त्या बाईचे हाल करता, गावाकडं नेऊन ठेवा, तिला काय खायचं प्यायचं ते खाऊ द्या. दोन्हीकडच्या लोकांचा आईवर जीव आहे यात शंकाच नाही, पण रिपोर्ट एकानंही वाचलेला नव्हता. आणि आई स्वतः कुठल्या गटात आहे हे कुणी विचारलंच नव्हतं, ती आत सगळ्यांसाठी चहा टाकत होती.

मी डॉक्टर नाही. लातूरला एका पतसंस्थेत नोकरी करते, हिशोबाचं काम, त्यामुळं कागद नीट लावायची आणि आकडा दिसला की त्याच्या मागं लागायची सवय आहे एवढंच. आईच्या फाईलमधून आणि डॉक्टरांच्या डोक्याला भुंगा लावून जे कळलं ते लिहितेय, कारण आपल्याकडं पहिल्या वेळच्या कॅन्सरबद्दल माणसं बोलतात तरी, पण परत आला की सगळे आवाज खाली करतात आणि "आता देवाच्या हातात" म्हणून मोकळे होतात.

आईला अंडाशयाचा कॅन्सर, हाय ग्रेड सीरस नावाचा प्रकार, सापडला तेव्हा स्टेज ३ सी. म्हणजे पोटात पसरलेला. बहुतेक बायकांचा असाच उशिरा सापडतो कारण लक्षणंच अशी फसवी असतात, पोट फुगणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, गॅस, आणि औसा तालुक्यातल्या कुठल्या बाईला गॅस नाही सांगा. आधी तीन किमो, मग मोठं ऑपरेशन, मग परत तीन किमो. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर २१ दिवसांनी. त्यानंतर सगळं क्लिअर आलं आणि गावात पेढे वाटले गेले. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं की या स्टेजला बहुतेक जणींमध्ये हा कधी ना कधी परत येतो, म्हणून तर दर तीन महिन्याला बोलवतो. पण पेढे वाटायच्या दिवशी असलं कोण ऐकतंय.

दर तीन महिन्याला सीए-१२५ नावाची रक्ताची टेस्ट व्हायची. नॉर्मल म्हणजे ३५ च्या आत. आमचा आकडा बरेच दिवस बारा-चौदाला खिळून होता, मग २९ आला, मग ५८, आणि पुढच्या वेळी शंभराच्या वर. आईला त्रास काहीच नाही बरं का, शेतात जाऊन तूर बघून यायची, वजन उलट वाढलेलं. भावानं पुण्याहून फोनवर आरडाओरडा केला की लगेच किमो चालू करा, वाट कसली बघताय.

डॉक्टर मात्र शांत. त्यांनी जे सांगितलं ते पचायला मला वेळ लागला. ब्रिटनमधल्या आणि युरोपातल्या बायकांवर मोठा अभ्यास झालाय, २०१० ला लॅन्सेटमध्ये छापून आला. त्यात एका गटाला नुसता सीए-१२५ वाढला की किमो सुरू केला आणि दुसऱ्या गटाला लक्षणं दिसेपर्यंत थांबवलं. लवकर सुरू केलेल्या बायका काही जास्त जगल्या नाहीत, उलट त्यांच्या वाट्याला किमो जास्त आले आणि तब्येतीचे चांगले दिवस लवकर संपले. म्हणजे नुसत्या आकड्याच्या मागं पळायचं नाही. त्यात हा आकडा कॅन्सरशिवाय इतर कारणांनीही वाढतो, पोटाच्या टीबीनं सुद्धा वाढतो, आणि टीबी तर आपल्याकडं घराघरात. फक्त स्कॅन करून ठेवायचा, कारण परत ऑपरेशन करता येण्यासारखं असेल तर ते वेळेत कळलं पाहिजे.

सीटी केला. पोटाच्या आतल्या अस्तरावर ठिकठिकाणी गाठी, लिव्हरच्या वरच्या बाजूला एक, आणि आतड्याजवळ बारीक बारीक. परत आलाय हे नक्की झालं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. "किती पसरलाय" हा नाही आणि "किती दिवस आहेत" हा तर नाहीच नाही. मागचा कार्बोप्लॅटिनचा शेवटचा डोस होऊन किती महिने झाले, हा. कार्बोप्लॅटिन आणि सिसप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधं, ती पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतात आणि तिला दुरुस्तच होऊ देत नाहीत. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्याच्या पुढं आजार गप्प राहिला असेल तर त्याला प्लॅटिनम सेन्सिटिव्ह म्हणतात, म्हणजे तेच औषध परत चालायची चांगली शक्यता असते, आणि मधला काळ जितका मोठा तितकी ही शक्यता जास्त. सहा महिन्याच्या आत परत आला तर रेझिस्टंट, तिथं रस्ता वेगळा आणि जास्त अवघड. सहा महिने म्हणजे काही बांध घातलेला नाही, पाच महिने आणि सात महिने यात आभाळ-जमिनीचा फरक नसतो, पण ठरवायला सुरुवात तिथून होते. आमचं मध्ये दीड वर्षाच्या वर गेलं होतं. डॉक्टर हे म्हणले तेव्हा कितीतरी दिवसांनी मी खुर्चीला नीट टेकून बसले.

मग ऑपरेशनचं. परत ऑपरेशन करून सगळं काढून टाका, हे आमच्या नानांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नाना म्हणजे माझे वडील. यावर दोन मोठे अभ्यास आहेत आणि दोघांचे निकाल वेगळे. अमेरिकेतल्या पुढाकाराने झालेल्या, २०१९ ला आलेल्या अभ्यासात ऑपरेशनचा फायदा दिसला नाही. जर्मनीच्या पुढाकारानं झालेला डेस्कटॉप-३ हा २०२१ ला आला, त्यात फायदा दिसला, ऑपरेशन आणि किमो दोन्ही झालेल्यांचं आयुष्य मध्यक, म्हणजे निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या तो आकडा, ५३.७ महिने आणि नुसता किमो झालेल्यांचं ४६. पण त्यात बायकाच निवडून घेतलेल्या, पहिल्या ऑपरेशनमध्ये काही शिल्लक राहिलं नव्हतं अशा, चालत्या-फिरत्या, आणि पोटात पाणी अर्ध्या लिटरच्या आत असलेल्या. त्यातही खरा फायदा झाला तो ज्यांचं सगळंच्या सगळं काढता आलं त्यांना. अर्धवट काढून काही मिळत नाही, वर ऑपरेशनचा त्रास आणि किमोला उशीर. आमचे सर्जन सीटी लाईटसमोर धरून पाच मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणले, नाना, हे सगळं माझ्यानं निघणार नाही, आणि निघेल असं जो म्हणेल त्याला विचारा कसं काढणार. मला तो माणूस आवडला. नकार इतक्या सरळ देणारे डॉक्टर कमी भेटतात.

तरी टाटाला गेलोच. पहिल्या गटाचं समाधान हे एक कारण, पण सेकंड ओपिनियन घ्यावंच या मताची मी आहे, त्यात आपल्या डॉक्टरचा अपमान वगैरे काही नसतो, आमच्या डॉक्टरांनी तर स्वतः चिठ्ठी लिहून दिली. लातूर एक्स्प्रेसनं रात्री बसायचं, सकाळी मुंबई. कॅन्सर पेशंटला उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट घ्यायचं, आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नाही. परळला राहायचा प्रश्न मोठा असतो, टाटाजवळ नाना पालकर स्मृती समितीसारख्या ठिकाणी सोय होते पण जागेसाठी आधी विचारून ठेवा, नाहीतर त्या फुटपाथवर पथारी टाकलेली माणसं दिसतात ना, त्यात अर्धे आपल्याच मराठवाड्या-विदर्भातले असतात.

जाताना नुसती फाईल नेऊन भागत नाही. पहिल्या ऑपरेशनच्या स्लाईड आणि ब्लॉक, म्हणजे काढलेल्या गाठीचे मेणात जपून ठेवलेले तुकडे, लागतात, सीटीची सीडी लागते, नुसता छापील रिपोर्ट नाही. आमचं पहिलं ऑपरेशन जिथं झालं तिथून ब्लॉक मिळवताना जो छळ झाला तो विचारू नका, आज लॅबवाले नाहीत, उद्या साहेबांची सही नाही, परवा रजिस्टर सापडत नाही. तो ब्लॉक पेशंटसाठीच जपून ठेवलेला असतो आणि पुढच्या तपासणीसाठी मागितला तर द्यायला पाहिजे, हे मी शेवटी लेखी अर्ज करून, त्याची पोच घेऊन सांगितलं तेव्हा कुठं अर्ध्या तासात सापडला. त्याच ठिकाणी पहिल्या वेळी बीआरसीए टेस्टचं, म्हणजे घराण्यातनं येणारा जीनचा बिघाड बघायच्या टेस्टचं, कुणी नावही काढलं नव्हतं. हाय ग्रेड सीरस असलेल्या प्रत्येक बाईची ती टेस्ट व्हायला पाहिजे, शक्यतो पहिल्याच वेळी. तुमच्या फाईलमध्ये तो कागद नसेल तर उद्याच विचारा.

टाटाच्या डॉक्टरांनी सगळं बघितलं आणि लातूरच्या डॉक्टरांनी लिहिलेलंच औषध परत लिहिलं. वर म्हणले, हे तुमच्याकडं होतंय, दर महिन्याला मावशींना इतक्या लांब कशाला ओढता. आमच्या घरातला पहिला गट त्या दिवशी ट्रेनमध्ये फार काही बोलला नाही. ज्यांना मुंबई जमतच नाही त्यांच्यासाठी बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, संभाजीनगरला घाटीशी जोडलेलं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, उदगीर-निलंग्याकडचे लोक हैदराबादलाही जातात. फुले जन आरोग्य योजनेत किमोची पॅकेज बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत, पण योजनेतल्या हॉस्पिटलातच, आणि रेशन कार्ड-आधारवर नावाचं स्पेलिंग एकसारखं पाहिजे. आईचं एका कागदावर कौसाबाई आणि दुसऱ्यावर कौशल्याबाई, त्यात आमचे काही दिवस गेले. हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याशी पहिल्याच दिवशी बोला. डॉक्टरांकडं नंतर गेलात तरी चालेल असं मी म्हणणार नाही, पण जवळजवळ तसंच.

आता औषध. परत कार्बोप्लॅटिन, पण जोडीला यावेळी पॅक्लिटॅक्सेल नाही, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, दर चार आठवड्याला. याचं कारण आईची बोटं. पॅक्लिटॅक्सेलनं नसांवर परिणाम होतो, मुंग्या आणि बधिरपणा, आणि तिचा तो पूर्ण गेलेलाच नव्हता. सुईत दोरा ओवता यायचा नाही, आणि भाकरी थापताना पीठ किती पसरलंय हे बोटाला कळायचं नाही, मग डोळ्यानं बघून थापायची. ती डॉक्टरांना एवढंच म्हणली की केस गेले तर गेले, हात ठेवा. या नव्या जोडीत नसांना त्रास कमी आणि केसही सहसा तितके जात नाहीत. औषध लाल असतं, लघवी लालसर होते, घाबरायचं नाही. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी टूडी इको करतात. आणि हाताचे-पायाचे तळवे लाल होऊन सोलतात, म्हणून गरम पाणी नको, घट्ट चप्पल नको, तळव्याला घासाघीस नको, चुलीची धग नको. म्हणजे झालं काय, हात वाचवण्यासाठी औषध बदललं आणि नव्या औषधानं भाकरीच बंद केली. आई दोन दिवस धुसफुसत होती. नाना आता ज्वारीच्या भाकरी करतात, जाड असतात, कडा कच्च्या राहतात, पण करतात, आणि कुणी नाव ठेवलं की परातच पुढं सरकवतात.

दुसऱ्या डोसच्या वेळचं सांगते कारण ते प्रत्येकानं माहीत करून घ्यावं. कार्बोप्लॅटिनची सलाईन लागून थोडा वेळ झाला होता, मी शेजारी बसून मोबाईलवर ऑफिसचं काहीतरी बघत होते. आई तळहात पलंगाच्या लोखंडी कडेवर घासायला लागली. म्हणली, "तळव्याला लई खाज सुटूलालीय गं." तिचा चेहरा बघितला तर कानापर्यंत लाल. मी सिस्टर म्हणून ओरडायच्या आत पलीकडच्या बेडजवळची सिस्टर पळत आली आणि तिनं आधी सलाईनचा खटका बंद केला, मग बाकीचं, एव्हिल, स्टिरॉईड, ऑक्सिजन, बीपी. थोड्या वेळात उतरलं. कार्बोप्लॅटिनची ॲलर्जी पहिल्या वेळी सहसा होत नाही, शरीराला औषधाची ओळख झाल्यावर होते, म्हणून दुसऱ्या फेरीत, एकूण सहा-आठ डोसच्या आसपास ती जास्त दिसते. आधीचे सहा नीट गेले म्हणून निवांत राहायचं नाही. आणि याचा अर्थ औषध कायमचं बंद असाही नाही, पुढचे डोस त्यांनी अगदी पातळ करून, टप्प्याटप्प्यानं, कितीतरी तास लावून, डॉक्टर हजर असताना दिले. डिसेन्सिटायझेशन म्हणतात. दिवस जायचा सगळा, पण तिनं ते घेतलं.

एका डोसची तारीख येळवसलाच आली. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांना सांगते, येळवस म्हणजे वेळा अमावस्या, त्या दिवशी सगळं गाव रानात असतं, कडब्याची कोप करायची, पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, लातूर शहरात अघोषित कर्फ्यू असतो त्या दिवशी. आई डॉक्टरांना म्हणली, "साहेब, येळवस झाल्यावर येते, आधी नाही." मी तिला गप्प करायला बघत होते. डॉक्टर कॅलेंडर बघून म्हणले, पाच-सहा दिवसांनी या मावशी, काही बिघडत नाही, फक्त रानातलं आंबील बाहेरच्या पाण्याचं नको, घरनं उकळलेल्या पाण्याचं करून न्या आणि ताप आला तर तसंच निघून या, रात्र असली तरी. किमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ च्या वर ताप म्हणजे सकाळपर्यंत थांबायचं नसतं. आशा आशा म्हणून जे काही बोलतात ते मला त्या केबिनमध्ये पहिल्यांदा नीट दिसलं. परत आलेल्या आजारात औषध माणसाच्या कॅलेंडरमध्ये बसवता येतं, आणि बसवायला सांगायचा पेशंटला हक्क असतो.

नानांनी मात्र सरळ विचारलं होतं, बरी होईल का. डॉक्टर म्हणले, पूर्ण जाईल असं मी सांगत नाही, दाबून ठेवता येईल, परत उठेल, परत दाबू, शुगर-बीपी सांभाळतो तसं समजा. हे शुगरचं उदाहरण सगळेच डॉक्टर देतात आणि मला ते अजिबात पटत नाही. शुगरच्या गोळीनं कुणी महिन्यातले आठ दिवस आडवं पडत नाही. पण दाबून ठेवता येतं हे खरं, आणि दोन वेळच्या मधला काळ हाच मिळवायचा असतो हेही खरं.

तो काळ लांबवायच्या गोळ्या म्हणजे ओलॅपरिब, निरॅपरिब वगैरे. आईची बीआरसीए टेस्ट यावेळी केली, बीआरसीए-१ पॉझिटिव्ह आली. या जीनचं काम तुटलेला डीएनए नीट जोडणं. तो बिघडलेला असला की कॅन्सरच्या पेशीकडं दुरुस्तीचा एक मार्ग आधीच बंद असतो, ही गोळी दुसरा बंद करते, मग ती पेशी मरते. किमोनं आजार आटोक्यात आला की पुढं ती रोज घ्यायची, ओलॅपरिब असेल तर दोन वेळा, चालेल तोपर्यंत. बीआरसीए असलेल्या आणि आजार परत आलेल्या बायकांवरचा सोलो-२ नावाचा अभ्यास २०१७ ला आला, त्यात आजार परत वाढेपर्यंतचा मध्यक काळ गोळी घेणाऱ्यांत १९.१ महिने आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत साडेपाच. मी हा आकडा वहीत लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. पण ही गोळी सगळ्यांसाठी नाही, बीआरसीए किंवा तशा प्रकारचा बिघाड नसेल तर फायदा बराच कमी, आणि खर्च इतका की नुसतं घेऊन बघू म्हणण्यासारखं नाही. कंपन्यांच्या मदतीच्या योजना असतात, टेस्टसाठीही असतात कधी कधी, डॉक्टरांना लाज न बाळगता विचारा. आमच्याकडं नानांचं सोयाबीन, त्याला भाव नाही, त्यामुळं भाऊ आणि मी वाटून घेतो.

गोळीमुळं आईचं रक्त कमी होतं, हिमोग्लोबिन एकदा सातवर आलं, रक्त चढवावं लागलं आणि डोस कमी करावा लागला. दर महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, चुकवायची नाही. मळमळ असते पहिले काही आठवडे. ग्रेपफ्रूट खाऊ नका असं कागदावर लिहिलेलं, ते आमच्या गंजगोलाईच्या बाजारात कुठं मिळतंय, पण काही अँटिबायोटिक आणि फंगसच्या गोळ्या याच्यासोबत चालत नाहीत हे जास्त कामाचं, गावातल्या डॉक्टरकडं साध्या खोकल्याला गेलात तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. आणि काढे. एका पाहुण्यानं कुठल्याशा महाराजांची पुडी आणून दिली, कॅन्सर मुळापासून जातो म्हणे. आई म्हणली घेते थोडी, त्यांचं मन राखायला. मी पुडी डॉक्टरांसमोर नेऊन ठेवली. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, यात काय आहे हे लिहिलंय का कुठं? नव्हतं. विषय संपला. पाहुणे अजून रुसलेत, रुसू द्या.

आमच्या शेजारच्या बेडवर अहमदपूरकडच्या एक मावशी असायच्या, त्यांचा चार महिन्यात परत आलेला. त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर हे सगळं खोटं वाटेल, कारण प्रत्येकीला दीड वर्ष मिळत नाही. रेझिस्टंट असेल तर दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, जेमसायटाबिन अशी एकेकटी औषधं देतात, सोबत बेव्हॅसिझुमॅब, ज्याची भारतीय कंपन्यांची स्वस्त आवृत्ती आता मिळते, पण बीपी वाढतं आणि आतड्याला आजार चिकटलेला असेल तर आतड्याला भोक पडायचा धोका, म्हणून निवडून देतात. मिर्व्हेटुक्सिमॅब नावाचं नवीन औषध आलंय, अमेरिकेत २०२२ ला मंजूर झालं, ते गाठीच्या पेशीवर एक विशिष्ट खूण जास्त असेल तरच चालतं, त्यासाठीही परत ब्लॉकच लागतो. मावशींनी दोन औषधं बघितली, तिसऱ्याला नाही म्हणल्या. पोटातलं पाणी काढायला यायच्या, वेदनेला मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या गोळ्यांवर त्या लेकीच्या घरी बसून शेवया वळत होत्या. मॉर्फिन म्हणजे शेवट, पॅलिएटिव्ह म्हणजे सोडून दिलं, असं आमच्या वॉर्डात सगळे कुजबुजायचे. तसं नसतं. वेदना, पाणी, उलट्या, झोप हे सांभाळणारा डॉक्टर किमो चालू असतानाच लागतो, आम्ही आईसाठी पहिल्या महिन्यापासून घेतला. मावशींचा तो निर्णय होता, हरणं नव्हतं, आणि त्यांच्या घरच्यांनी तो मानला हे मला फार मोठं वाटतं.

कारण आमच्या दुसऱ्या गटाची मागणी काय होती, तर आईला सांगायचंच नाही. "तिला कशाला, धसका घेईल." किल्लारीच्या भूकंपात पहाटे दोन लेकरं काखेत मारून पडत्या घरातनं बाहेर आलेली बाई, ती धसका घेणार. मीच सांगितलं, स्वयंपाकघरात, दार लोटून. तिनं विचारलं, "मग आता परत सहा का?" सहाच म्हणलं. "बरं. गव्हाचं बघून घ्या मग, मला उन्हाळ्यात जमणार नाही." पुढचे सगळे निर्णय तिच्यासमोर झाले, आणि खरं सांगायचं तर तिच्यासमोर भांडणं निम्म्यानं कमी होतात.

सध्या किमो संपलेत, सीए-१२५ वीसच्या आत आहे, गाठी पूर्ण गेल्या नाहीत पण बारीक झाल्यात आणि गोळी चालू आहे. पुढचा स्कॅन पोळा झाल्यावर.

आता चालू असलेला वाद भावाचा. बीआरसीएचा बिघाड आईकडनं प्रत्येक लेकराला जायची अर्धी शक्यता असते, मुलगा असो की मुलगी. माझी टेस्ट निगेटिव्ह आली, धाकट्या बहिणीची पॉझिटिव्ह. ती छत्तीस वर्षांची आहे, दोन्ही लेकरं झालीत, आणि बीआरसीए-१ असेल तर पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढून टाकायचा सल्ला देतात, स्तनाची तपासणी दर वर्षी वेगळी. ती विचार करतेय, तिला घाई करायची नाही असं मी सगळ्यांना बजावलंय. भाऊ म्हणतो मला काय अंडाशय आहे का, मी कशाला टेस्ट करू. त्याला पाचवेळा सांगितलं की पुरुषांना यातनं प्रोस्टेटचा, क्वचित छातीचाही कॅन्सर होऊ शकतो आणि त्याच्याकडनं हे पुढं त्याच्या पोरींना जाऊ शकतं. ऐकेना. शेवटी आईनंच फोन घेतला आणि म्हणली, "तुझ्यासाठी नगं करूस, पोरींसाठी कर, आन् पैसे मी देते." त्यानं तारीख घेतलीय. पोरींची टेस्ट आत्ता करायची नसते, त्या मोठ्या झाल्यावर त्यांचं त्या ठरवतील, पण त्यांना ठरवायला बापाचा कागद तरी हातात असला पाहिजे.